लॉबीतला एक मीटर

कबड्डीच्या मैदानाला दोन्ही अंगांनी एकेक मीटर रुंदीचा पट्टा असतो. महाराष्ट्रातली जुनी पंचमंडळी त्याला राखीव क्षेत्र म्हणतात, आमच्या रायपुरात सगळे लॉबी म्हणतात. हा पट्टा मोठा विचित्र. चढाईपटूनं कुणालाही शिवलेलं नाही तोवर तो मैदानाबाहेर. तिथं पाय पडला की बाद. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की त्या क्षणी तोच पट्टा मैदानात मोडतो आणि खेळ तिथं चालू राहतो. जमीन तीच, रेषा तीच. ती आत की बाहेर हे एका स्पर्शावर ठरतं. तो स्पर्श कधी नखाचा असतो, कधी बनियनच्या टोकाला झालेला असतो. झाला की नाही हे त्या दोघांनाच ठाऊक, आणि ते दोघं खरं सांगतील अशी अपेक्षा कुणी करत नाही. म्हणून तिथं पंच उभा असतो.

ते उभं राहणं मी बरीच वर्षं केलं. पोटापाण्यासाठी शाळेत पी.टी.चा मास्तर होतो आणि सुट्ट्यांमध्ये रायपूर, दुर्ग, धमतरी, महासमुंदच्या स्पर्धांतून पंच. जन्म तात्यापाऱ्यातला. हा रायपूरचा जुना मराठी मोहल्ला. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढात आला तेव्हापासून मराठी माणसं इकडे येत राहिली. पुढं रेल्वेनं, कचेऱ्यांनी आणि शाळांनी आणखी आणली. घरी मराठी, शाळेत हिंदी, मैदानावर छत्तीसगढी असा आमचा कारभार. पंच म्हणून त्याचा उपयोग झाला. शिव्या तिन्ही भाषांतल्या कळत.

आमच्या घरात ह्या खेळाला हुतुतू म्हणत आणि बूढा तलावाच्या अंगाला खुडुवा. खुडुव्यात चढाईला जाणारा पोरगा एकच शब्द घोकत नसे. एक अख्खं बडबडगीत तो एका दमात म्हणत जाई आणि शेवटचं अक्षर ओढत, गुणगुणत परत येई. गाणं प्रत्येक पाऱ्याचं, म्हणजे मोहल्ल्याचं, निराळं. ब्राह्मणपाऱ्यातल्या पोरांचं लांबलचक, आमचं आखूड, कारण आमच्यात दमदार कुणी नव्हतं. एका बाजूला माणसं किती, ह्याचा हिशेब नसे. जमतील तेवढी, दोन्हीकडे सारखी. हद्द म्हणजे एकीकडे चिंचेचं झाड, दुसरीकडे कुणाच्या तरी घराची भिंत. मेलेला गडी परत कधी येणार, हे दर संध्याकाळी नव्यानं ठरे. आणि वाद झाला की ज्याच्या दारापुढं खेळ चाललाय त्या घरातल्या आजोबांचा निकाल. त्यांनी खेळ बघितलेला असो वा नसो.

ह्या असल्या दारापुढच्या खेळाला कागदावर आणायचं काम महाराष्ट्रात झालं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात साताऱ्याच्या आणि पुण्याच्या मंडळींनी नियम बांधायला घेतले. त्यात डेक्कन जिमखान्याचं नाव ठळक. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं नियम छापून काढले आणि त्याच वर्षी तिथं अखिल भारतीय स्पर्धा भरवली. त्या काळी खेळाच्या तीन तऱ्हा मानल्या जात. संजीवनीत आपण समोरचा एक मारला की आपला एक मेलेला गडी जिवंत होऊन आत येई. गामिनीत मेला तो मेला; सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत त्यानं बाहेर बसायचं. अमरमध्ये मरणच नाही. बाद झालेला गडी मैदानातच राही, समोरच्यांच्या खाती फक्त गुण पडे.

पंचाच्या जागेवरून बघितलं तर ह्या तिन्हींत मोठा फरक आहे. अमरमध्ये पंचाच्या एका निर्णयाची किंमत एक गुण. संजीवनीत त्याच निर्णयाला एक गुण जातो, एक माणूस बाहेर जातो आणि समोरचा एक माणूस आत येतो. सात विरुद्ध पाच असा खेळ बघता बघता सहा विरुद्ध सहा होतो. आणि टिकली कोणती? संजीवनी. आजची सगळी प्रमाण कबड्डी, जिल्ह्याच्या स्पर्धेपासून आशियाई खेळांपर्यंत, संजीवनीच आहे. लोकांना चढउतार हवा असतो, तो तिच्यात आहे. पण ती निवडताना आपण पंचाच्या शिट्टीचं वजनही वाढवलं, ह्याचा विचार तेव्हा कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

एक गोष्ट रायपूरकर म्हणून सांगितलीच पाहिजे. १९५६ पर्यंत रायपूर आणि अमरावती एकाच प्रांतात होती, १९५० पर्यंत ज्याला मध्य प्रांत आणि वऱ्हाड म्हणत त्यात. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. बर्लिनला १९३६ चं ऑलिम्पिक झालं तेव्हा ह्याच मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डी करून दाखवली. आमच्या वडिलांच्या पिढीतले जे कुणी रायपुरात आखाडा आणि व्यायामशाळा करायचे, त्यांची मान अमरावतीकडे वळलेली असे. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिम्पिक खेळांत कबड्डी आली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला, १९५२ ला मद्रासमध्ये पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा, १९५५ ला कलकत्त्यात बायकांची. मग प्रांतोप्रांतीचे हुतुतू, हाडुडू, चेडुगुडू सगळे एका नावाखाली आणि एका पुस्तकाखाली आले. खुडुव्याचं गाणंही गेलं. दम म्हणजे ‘कबड्डी’ हाच शब्द, स्पष्ट, सलग, पंचाला ऐकू येईल असा.

हा शेवटचा भाग सोपा वाटतो, तो सगळ्यात अवघड आहे.

नियम सांगतो की मध्यरेषा ओलांडायच्या आधी दम सुरू झाला पाहिजे. उशिरा सुरू केला तर चढाई फुकट, समोरच्यांना एक तांत्रिक गुण आणि चढाईची पाळी त्यांची. दम मध्ये तुटला आणि गडी समोरच्याच अंगणात असेल तर बाद. आता हे ऐकायचं कुणी? पंचानं. गणपतीतल्या स्पर्धेत, लाउडस्पीकरवर समालोचक ओरडतोय, मागं ढोल, आणि अंगणात सात जण एकमेकांना हाका मारतायत. आवाज येतच नाही. मग पंच बघतो. चढाईपटूचा जबडा बघतो, गळ्याची घाटी वरखाली होते का बघतो. खरा दम चालू असताना छाती भरत नाही, फक्त रिकामी होत जाते. चोरून श्वास घेतला की खांदे किंचित उचलतात, पाव इंच. पकड पडल्यावर तर सगळंच झाकलं जातं. चार माणसांच्या खाली तोंड मातीत, आणि त्या ढिगातून ‘कबड्डी’ निघतंय की नुसतं कण्हणं, हे ओणवं होऊन कान लावून ठरवायचं. आमच्या वेळचे काही चढाईपटू पकडीतसुद्धा एवढ्या खणखणीत आवाजात दम घालत की शंकेला जागाच नसे. काही जण मात्र पहिल्यापासून पुटपुटत जात. त्यांना दोनदा ताकीद द्यावी लागे आणि तिसऱ्यांदा शिट्टी वाजली की सगळा पारा अंगावर येई.

ह्या भानगडीतून सुटायला घड्याळ आलं. चढाई तीस सेकंदांची. कुणी म्हणतात ह्यानं दमाचा जीव गेला. मला घड्याळ बरं वाटलं. फुप्फुसात दम असलेला गडी मध्यरेषेपाशी रेंगाळत दोन-दोन चढायांचा वेळ खाई आणि पुढं असलेला संघ सामना झोपवून टाकी; ते थांबलं. पण घड्याळ आलं तसा पंचाचा कान हळूहळू निकामी झाला हेही खरं. आज टीव्हीवरच्या सामन्यात दम ऐकू येतो का, कान देऊन बघा. नियम पुस्तकात आहे. तो कुणी विचारत नाही, पंचही नाही.

१९७८ ची भिलाई मला आठवते. रायपूरपासून तीसेक किलोमीटरवरची ही पोलादनगरी, रशियनांच्या मदतीनं उभी राहिलेली. तेव्हा ती मध्य प्रदेशात होती, छत्तीसगढ व्हायला अजून बावीस वर्षं होती. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचा रौप्यमहोत्सव भिलाईला झाला आणि त्याच निमित्तानं तिथं आशियाई हौशी कबड्डी महासंघ स्थापन झाला. आशियाई खेळांत आपण कबड्डीची इतकी सोन्याची पदकं मिळवली, त्याची पहिली वीट भिलाईच्या पॉवर हाऊस स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर बसली. रायपूरच्या पोरांना आज हे ठाऊक नसतं. मी कॉलेजात होतो, लोकल गाडीनं जायचो, आणि स्वयंसेवक म्हणून मला काम मिळालं फक्की मारायचं.

फक्की मारणाऱ्याला मैदान फार जवळून दिसतं. मातीचं मैदान आदल्या संध्याकाळी पाणी मारून, रोलर फिरवून बसवलेलं. वर पाच सेंटीमीटर रुंदीची चुन्याची रेषा. ह्या रेषेवर टाच घासली की पांढरं मातीत ओढलं जातं, आणि ओढ कुठल्या अंगाला आहे त्यावरून पाय आतून बाहेर गेला की बाहेरून आत आला हे कळतं. पाय नुसता टेकला असेल तर रेषेची कड दबते, घसरला असेल तर पांढरं शेपूट निघतं. उडी मारून परत आलेल्याच्या अंगठ्याचा ठसा मध्यरेषेच्या अलीकडे खोल उमटतो, पलीकडे नाही. जुने पंच शिट्टी मारत, पण हात लगेच वर करत नसत. आधी वाकून रेषा बघत. मग निकाल. खेळाडूही बघत, आणि बघितल्यावर बहुतेक वेळा गप्प बसत. त्यानंतर मी पळत जाऊन ती जागा झाडून नवी फक्की मारायचो. आमच्यातले एक वयस्क पंच म्हणायचे, चला, पुरावा नष्ट झाला, पुढची चढाई.

मॅट आली आणि हे संपलं. मॅटवर रेषा रंगवलेली असते. तिच्यावरून हत्ती गेला तरी ती तशीच. गुडघे फुटायचे थांबले, पाय न रुतल्यामुळं खेळाला वेग आला, पावसात सामने होऊ लागले. मॅटबद्दल माझी तक्रार नाही. पण मैदान स्वतःची नोंद ठेवत होतं ती बंद झाली आणि सगळा भार डोळ्यावर आला. डोळा चुकतो म्हणून कॅमेरा आला, कॅमेरा आला म्हणून दाद मागायची सोय आली, आणि दाद मागायची सोय आली म्हणून आता प्रत्येक नियमाचा शब्दन् शब्द ताणून बघितला जातो.

आशियाई अजिंक्यपद १९८० मध्ये कलकत्त्याला झालं, १९८२ च्या दिल्लीच्या आशियाडमध्ये कबड्डी प्रदर्शनापुरती होती, १९९० ला बीजिंगला पदकाचा खेळ झाली. त्यात शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्या माणसांची आयुष्यं गेली. बुवांच्या जन्मदिवशी, १५ जुलैला, महाराष्ट्रात कबड्डी दिन पाळतात. मग २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि नियम कुणासाठी करायचे ह्याचं उत्तरच बदललं. आधी ते खेळणाऱ्यांसाठी असत. आता ते बघणाऱ्यांसाठी झाले. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो वा मरो’. गुण आणा नाहीतर बाद व्हा. तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर एक गुण जादा. दोन्ही नियम मला आवडतात. ‘करो वा मरो’नं तर आमच्या जिल्ह्याच्या सामन्यांतलं वेळ काढण्याचं शास्त्रच मोडून टाकलं.

हे असंच दुसऱ्या एका खेळात आधी घडून गेलंय, हे मला सिडनीत कळलं. माझा भाचा पॅरामॅटाला राहतो. त्यानं एकदा रग्बी लीगचा सामना बघायला नेलं. लांबट चेंडू सोडला तर मला ती कबड्डीच वाटली: एक जण घुसतो, तिघं त्याला धरून जमिनीवर आणतात, सुटतो, पुन्हा घुसतो. भाच्यानं इतिहास सांगितला. १८९५ साली उत्तर इंग्लंडातले क्लब मूळच्या रग्बीपासून फुटले. त्यांचे खेळाडू खाणकामगार, गिरणीकामगार, खेळायला गेलं की मजुरी बुडे आणि ती भरून द्यायला वरिष्ठ मंडळी तयार नव्हती. फुटल्यावर प्रेक्षकांच्या तिकिटावर जगायचं होतं. मग १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू केले, मैदान मोकळं केलं. तरी एक दुखणं उरलं. चेंडू एकदा हाती आला की कितीही वेळा पाडले गेलात तरी तो तुमचाच, त्यामुळं बलाढ्य संघ अर्धा सामना चेंडू दडपून ठेवत. सिडनीच्या सेंट जॉर्ज क्लबानं १९५६ ते १९६६ अशी ओळीनं अकरा विजेतेपदं घेतली. १९६६-६७ मध्ये मर्यादा आली, चार वेळा पाडलं की चेंडू द्यायचा. पुढं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सहा झाली. आपली तिसरी चढाई आणि त्यांची सहावी पकड, रोग एक, औषध एक.

पण मला जास्त बघावंसं वाटलं ते त्यांच्या पंचाकडे. पाडलेल्या गड्याला उगाच दाबून ठेवलं तर पूर्वी खेळ थांबवून शिक्षा होई. २०२० साली ऑस्ट्रेलियाच्या लीगनं नियम केला की पंचानं खेळ थांबवायचाच नाही, नुसता हात फिरवायचा, घंटा वाजते आणि चेंडूवाल्यांच्या सहा पकडी पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या. वेग वाढला, लोक खूश. पण ‘उगाच’ म्हणजे किती वेळ? अर्धा सेकंद? एक? ते त्या माणसाच्या हातात. शेजारी बसलेला एक म्हातारा प्रत्येक हाताला उभा राहून शिव्या देत होता. भाषा येत नसती तरी कळल्या असत्या.

आता हांगझोउ. ७ ऑक्टोबर २०२३, आशियाई खेळांची पुरुषांची अंतिम लढत, भारत आणि इराण. ह्या इराणनं २०१८ ला जकार्तात उपांत्य फेरीत आपल्याला २७-१८ असं हरवून सोन्याची अखंड माळ तोडली होती, त्यामुळं घराघरांतून लोक टीव्हीसमोर. एका मिनिटाहून जेमतेम जास्त वेळ उरलेला, गुण २८-२८, आणि कर्णधार पवन सहरावतची ‘करो वा मरो’ची चढाई. पवन कुणालाही न शिवता लॉबीत गेला. त्याच्यामागं इराणचे बचावपटू त्याला ढकलायला लॉबीत शिरले.

जुन्या नियमानं काय होतं? स्पर्श नाही, झटापट नाही, म्हणजे लॉबी मैदानाबाहेर. पवन बाद. पण त्याच न्यायानं त्याच्यामागं लॉबीत पाय ठेवणारा प्रत्येक बचावपटूही बाद. प्रो कबड्डी लीगमध्ये हा नियम बदलला होता: न शिवता चढाईपटू लॉबीत गेला की तो बाद, चढाई तिथंच संपली, नंतर कोण कुठं गेलं ह्याला अर्थ नाही. म्हणजे एका पुस्तकानं भारताला चार आणि इराणला एक, दुसऱ्यानं फक्त इराणला एक. मैदानावरच्या बहुतेक सगळ्यांना दोन्ही नियम पाठ. आपले खेळाडू लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळणारे, इराणचा कर्णधार फझल अत्राचली आणि शाडलूसुद्धा त्याच लीगचे नावाजलेले गडी. निकाल एकदा इकडे फिरला, एकदा तिकडे. प्रशिक्षक टेबलाशी, खेळाडू मॅटवर बसून. तासभर खेळ खोळंबला. शेवटी जुना नियम धरून भारताला चार, इराणला एक, आणि उरलेला खेळ होऊन सामना ३३-२९.

आमच्या कॉलनीत फटाके वाजले. मला रात्री लोकांनी फोन करून विचारलं, गुरुजी, बरोबर होतं का? नियमाला धरून होतं, असं मी सांगितलं आणि अजूनही सांगतो. आशियाई स्पर्धा ज्या पुस्तकावर चालली होती त्या पुस्तकात तेच होतं. पण त्या तासाभरात जे दिसलं ते मला पंच म्हणून लाजिरवाणं वाटलं, आणि त्यात मी इराणच्या पोरांना दोष देत नाही. पंच चुकला तर चालतं. सरपंचानं त्याचा निर्णय फिरवला तरी चालतं. पुस्तकात तसं कलमच आहे की साधारणपणे मैदानावरच्या पंचांचा निर्णय अंतिम, पण दोन पंचांत मतभेद झाला किंवा तसाच विशेष प्रसंग आला तर खेळाच्या हितासाठी सरपंचानं निर्णय द्यावा. ‘खेळाच्या हितासाठी’ ह्यात काय बसतं, ह्याची व्याख्या कुणी केलेली नाही आणि करू नये. ते कलम नसतं तर मी धमतरीच्या एका सामन्यात जिवंत घरी आलो नसतो. ते वापरायचं मात्र एकदाच. एकदा तोंडातून निघालं की संपलं. निर्णय तीनदा फिरला की मग तो कायद्यानं कितीही बरोबर असो, समोरच्याला तो दबावानंच फिरलाय असं वाटणार.

आणि दोन पुस्तकं एकाच वेळी चालू असणं, हे मूळ दुखणं. ते हांगझोउपुरतं नाही. रायपूरच्या शाळाशाळांतली पोरं लीग बघून खेळ शिकतात आणि स्पर्धेला जिल्ह्याच्या नियमावर उतरतात. हांगझोउच्या आधीसुद्धा माझ्यापुढं असले वाद आले होते, फक्त त्यात सुवर्णपदक नव्हतं, एक स्टीलचा डबा आणि पाचशे एक रुपये होते. म्हणून मी नाणेफेकीला कर्णधारांना बोलावलं की नाणं उडवायच्या आधी लॉबीत नेऊन उभं करायचो. इथं न शिवता आला तर हा बाद, मागून आला तर तोही बाद, कळलं? आधी हो म्हणा, मग छापा की काटा.

छत्तीसगढात नियम बांधायचा आणखी एक मोसम मी बघितला. ६ ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनं छत्तीसगढिया ऑलिम्पिक सुरू केलं. गावापासून राज्यापर्यंत चढत जाणाऱ्या पायऱ्या, बायका आणि पुरुष वेगळे, वयाचे तीन गट: अठरापर्यंत, अठरा ते चाळीस, आणि चाळिशीच्या पुढचे. पहिल्या वर्षी चौदा खेळ. कबड्डी आणि खो-खोला पुस्तकं होती, पण गेडी, भौंरा, बाटी, बिल्लस, फुगडी, पिट्ठुल? बांबूच्या उंच पायांवर चालण्याची गेडी हा हरेलीच्या सणाचा खेळ. चिखलात कोण सगळ्यात उशिरा पडतो एवढीच त्याची मजा. तिला धावपट्टी आणि घड्याळ मिळालं. पिट्ठुल म्हणजे आपली लगोरी, बाटी म्हणजे गोट्या. १९२३ मध्ये बडोद्याला जे झालं असेल ते मी सत्तरीला टेकताना डोळ्यांनी बघत होतो. पुढच्या वर्षी कुस्ती आणि दोरीवरच्या उड्या धरून सोळा खेळ झाले. मग सरकार बदललं. २०२४ च्या हिवाळ्यात बस्तर ऑलिम्पिक झालं, त्यातही कबड्डी आणि खो-खो. शरण आलेले नक्षलीसुद्धा खेळले. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ढाक्याला भारताच्या बायकांनी विश्वचषक जिंकला, त्या संघात कोरबा जिल्ह्याची संजू देवी होती. तिच्या चढाया मी दोनदा बघितल्या; दुसऱ्यांदा फक्त तिचे खांदे बघायला.

फुगडीचं सांगायचं राहिलं. त्या २०२२ च्या मोसमात आमच्या मोहल्ल्यातल्या चाळिशीपुढच्या बायका संध्याकाळी मंदिरामागच्या फरशीवर सराव करत. छत्तीसगढी फुगडी आपल्या मंगळागौरीतल्या बसफुगडीसारखी: उकिडवं बसायचं, एकेक पाय पुढं फेकत राहायचं, जी थांबेल ती हरली. पहिल्याच दिवशी भांडण. एका मराठी काकूंची टाच टेकली आणि तरी त्या खेळत राहिल्या. राजनांदगावकडची एक बाई म्हणाली, “हमर गाँव म तो एड़ी माढ़िस त हार गे।” काकू म्हणाल्या, आमच्या आजीच्या फुगडीत टाच चालायची, ताल मोडला की हार. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी बाकावर बसून दाणे खात होतो.

मी दोघींना विचारलं, कुणाच्या गावाचा नियम धरायचा? कुणीच मागं हटेना. मग मीच सांगितलं: टाच चालेल, थांबणं चालणार नाही, आणि कोण थांबलं ते मी ठरवणार.

राजनांदगाववाली पदर खोचत म्हणाली, “अउ तुमन कइसे जानहू, गुरुजी?”

मी म्हटलं, बघून.

“त पहिली अपन चसमा ला पोंछ लव।”